अस्सलबरहुकूम

मुलीने पेन्सिल भलत्याच जागी उचलली आणि म्हातारीच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "तिथे नाही उचलायची, बाळ. शेवटच्या फाट्यापर्यंत एका दमात जायचं." शाळेच्या गणवेशातल्या त्या मुलीने वर पाहिलं, मान डोलावली आणि पुन्हा गिरवायला घेतलं. या वेळी तिने हात मुद्दाम कापवला, कारण मागच्या रांगेतल्या मैत्रिणींना हसवायचं होतं, आणि त्या हसल्या. टेबलाला काच होती, काचेखाली दिवा, काचेवर छापील सही आणि सहीवर पातळ कागद. पेन्सिली दोरीने बांधलेल्या. भिंतीवरच्या पाटीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'सेनापतींची थरथरती सही स्वतः गिरवून पाहा.' म्हातारी तिथेच खिळल्यासारखी उभी राहिली. अशाच काचेवर, खालच्या दिव्याची अशीच धग मनगटाला लागत असताना, पन्नास वर्षांपूर्वी ती बसली होती. संग्रहालयाच्या या नव्या दालनात, पलीकडच्या कपाटात, शरणागतीचा मूळ कागद म्हणून जे ठेवलं होतं ती तिच्या हातची नक्कल होती. आणि सहीतली ती थरथर सेनापतींची नव्हती, हिची होती.

हे तिला आज नव्याने कळलं असं नव्हे. दुखरी दाढ बाळगावी तसं तिने ते बाळगलं होतं. त्या बाजूने चावायचं नाही, एवढंच शिकली होती. या इमारतीवरून जाणारी बस तिने कधी धरली नाही. आज आली ती धाकट्या भावाच्या हट्टापायी. युद्धावर गेलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना पहिल्या दिवशी प्रवेश फुकट होता, आणि फुकट म्हटलं की धाकट्याचा गुडघा दुखायचा थांबत असे. तिने लग्न केलं नाही, त्याची बायको लवकर गेली, आणि तेव्हापासून दोन खोल्यांत भावाबहिणीचा संसार भांडततंडत चालला होता. आत्ता तो दालनाच्या मधल्या बाकावर बसून शेजारच्या अनोळखी गृहस्थाला युद्ध समजावून सांगत होता. तो गृहस्थ सुटकेसाठी इकडेतिकडे बघत होता. म्हातारीने पुन्हा टेबलाकडे पाहिलं. मुलगी गेली होती, तिच्या जागी दुसरी बसली होती, तिनेही हात कापवला. आजवर ती चूक एका कागदावर होती, काचेआड होती. आता रोज शंभर पोरं ती गिरवून घरी नेणार होती, आणि नकलेवरून काढलेली नक्कल कुठवर जाते हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. तिला राग आला, आणि तो कोणावर काढायचा हे शोधायला लांब जावं लागलं नाही.

नकलाखाना म्हणजे सरकारी कचेरीच्या मागच्या अंगाची लांबट खोली, उत्तरेला तीन खिडक्या, भिंतीशी काचेचं टेबल. शेजारच्या खोलीत टाइपरायटर खडखडत, पण तह, सनदा असली जोखमीची कागदपत्रं हातानेच उतरवायची असा जुना दंडक होता. अस्सलात शब्द गळला असेल तर नकलेतही गाळायचा. डाग असेल तर तेवढी जागा आखून आत 'येथे डाग' असं लिहायचं. शहाणपणा करायचा तर घरी करा, असं रुजूकाका म्हणत. रुजूकाका म्हणजे नकला ताडून पाहणारे वयस्क कारकून. ते अस्सल मोठ्याने वाचत, लिहिणाऱ्याने नकलेवर बोट फिरवायचं, आणि ओळ जुळली की काका 'रुजू' म्हणत. घरी बायकोने भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं तरी 'रुजू' म्हणतात, अशी त्यांची थट्टा चाले, आणि तेही ती खपवून घेत. सगळं जुळलं की वेष्टणावर 'अस्सलबरहुकूम' असं लिहायचं. नकलेच्या कागदावर मात्र एकही जादा अक्षर नाही, फक्त शेवटच्या ओळीपुढे सुईचं एक भोक. अस्सलाला टोचायचं नाही, नकलेला टोचल्याशिवाय सोडायचं नाही. ही खूण नकलाखान्याबाहेर कोणाला माहीत नव्हती, आणि आत ज्यांना माहीत होती ते एकेक करून गेले, ती उरली. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि सबंध कचेरीत तिच्यासारखा हात कोणाचा नव्हता. एकदा पैजेवर काठोकाठ भरलेला चहाचा पेला घेऊन ती दोन जिने चढली होती, बशीत थेंब पडला नव्हता.

सह्या झाल्या त्या दिवशी नकलनवीसांना मोठ्या दालनाच्या दाराशी बसवलं होतं, शाई वाळली की कागद उचलायला. लढाई हरली होती हे सगळ्यांना कळत होतं, पण कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. टेबलापलीकडे जिंकलेले बसले होते आणि सगळ्यांचे डोळे सेनापतींच्या हातावर. सेनापती बुटके होते, गणवेशाला इस्त्री होती, एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं. त्यांनी टाकाचं टोक आधी अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिलं, मग रजेच्या अर्जावर करावी तशी सही केली. पहिलं अक्षर मोठं, मग लांब रेघ, शेवटी मागे वळलेला फाटा, सगळं एका दमात. हात तसूभर हलला नाही. हे तिने पाहिलं होतं, चार पावलांवरून, भर दुपारी. मग रीत सोडून ते स्वतःच कागद घेऊन दारापाशी आले.

"किती नकला?" त्यांनी विचारलं.

"सात, साहेब."

सात ठाणी अजून लढत होती. तारा तुटल्या होत्या. आदल्याच आठवड्यात कोणीतरी खोट्या सहीचा हुकूम पाठवला होता, त्यामुळे आता सेनापतींची सही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणी हत्यार खाली ठेवणार नव्हतं. म्हणून तर नकलेत नुसतं 'सही' असं न लिहिता काचेवर धरून सही जशीच्या तशी उतरवायची होती. संध्याकाळी सहापर्यंत ज्या ठाण्यावर पांढरं निशाण चढणार नाही, त्याच्यावर तोफा सुटणार होत्या.

"तुमचं कोणी आहे या सातांत?"

"धाकटा भाऊ. पुलापलीकडच्या ठाण्यात."

सेनापतींनी वाळलेल्या सहीकडे पाहिलं. "तिथला मेजर हट्टी आहे. दहा वर्षं माझ्या हाताखाली होता, माझी सही अंधारातही ओळखेल." मग कागद तिच्या हातात देत म्हणाले, "नीट उतरवा, बाई."

मजकूर बाकीच्यांनी वाटून घेतला, सह्या सातही तिच्याकडे. सहा पाण्यासारख्या उतरल्या. पुलापलीकडची तिने शेवटी ठेवली. आधी परक्यांना वाढावं, घरच्यांनी मागून बसावं, हे वळण लहानपणापासूनचं, ते कचेरीतही सुटलं नाही. चुकलं ते इथेच. सातव्या वेळी मनगट दुखत होतं, डोळ्यांपुढे काचेतला उजेड नाचत होता, आणि वेष्टणावरचं ठाण्याचं नाव तिने वाचायला नको होतं ते वाचलं. धाकटा वीस वर्षांचा होता. जाताना तिचा मफलर मागून घेऊन गेला होता, उन्हाळ्यात. लांब रेघेच्या मध्यावर टाक थरथरला, सावरायला गेली तर आणखी थरथरला, आणि रेघ नागमोडी होऊन फाट्यापर्यंत गेली. सवयीने तिने सुई उचलून भोकही पाडलं, आणि मग पाहिलं. ही सही मेजरच्या हातात पडली असती तर त्याने आणणाऱ्याला उभं करून गोळी घातली असती आणि सहा वाजेपर्यंत लढत बसला असता. खाली अंगणात मोटरसायकलवाला इंजिन चालू ठेवून उभा होता. पावणेचार झाले होते. ठाण्यापर्यंतचा रस्ता पावणेदोन तासांचा. नवीन कागद लिहायला सव्वा तास. हा हिशेब शाळेतल्या मुलालाही जमला असता.

रुजुवातीला रुजूकाका अस्सलासाठी हात पुढे करून बसले होते. तिने दोन्ही कागद उचलले आणि उलटे दिले. थरथरतं त्यांच्या हातात, सेनापतींचं स्वतःपुढे. काका वाचत गेले, रुजू, रुजू, रुजू, आणि सहीपाशी अडकले. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. तिच्याकडे पाहिलं. तिने सहीखालचं बोट तसंच धरून ठेवलं. "रुजू," काका म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने अस्सल कागद पुलापलीकडच्या वेष्टणात घालून फीत बांधली. थरथरता कागद अस्सल म्हणून दप्तरात गेला. त्यांच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. पुढे ती दोन वर्षं ते तिच्या शेजारी बसले, आणि या गोष्टीबद्दल दोघांत एक शब्द झाला नाही.

पुलापलीकडच्या ठाण्यावर सहाला दहा मिनिटं असताना निशाण चढलं. बाकी सहाही ठाणी वाचली. मेजरने कागद सगळ्यांपुढे वाचला, सही पाहिली, टोपी काढली आणि कागद शर्टाच्या आत घातला. पुढे छावणीत तो तापाने गेला आणि कागद त्याच्याबरोबर मातीत गेला, असं धाकटा सांगे. धाकटा अकराव्या दिवशी ट्रकमधून घरी आला, गळ्यात मफलर. तिने ठरवलं होतं की तो आला की सांगून टाकायचं. पण तोवर दप्तरातल्या कागदाचं छायाचित्र वर्तमानपत्रात आलं होतं, आणि लोकांना हवं ते सापडलं होतं. आपण हरलो असं म्हणण्यापेक्षा त्याचा हात कापला म्हणणं सोपं. कोणाच्या हातून चहा सांडला की 'सेनापती झालास का' असं विचारायची पद्धत पडली. सेनापतींच्या फाटकाला लोक खुळखुळे बांधून जात. सांगितलं तर काकांची नोकरी जाईल, म्हणून ती गप्प बसली. काका गेले, तेव्हा वाटलं आता आपल्याला तुरुंग. ते वयही गेलं. कारणांचं असं असतं, एक म्हातारं झालं की दुसरं कामाला लागतं. शेवटी उरलं ते धाकट्याचं. घरात सगळ्यात मोठ्याने शिव्या देणारा तोच. "आमच्या नकलेवर सही सरळ होती," जेवताना तो हटकून काढायचा. "तुम्हा कारकुनांची कमाल आहे, ताई. भित्र्याच्या सहीलासुद्धा इस्त्री मारून पाठवता." ती मिठाची वाटी पुढे सरकवायची.

सेनापती तिला नंतर एकदाच भेटले, पोस्टात, निवृत्तिवेतनाच्या रांगेत. खिडकीतल्या कारकुनाने त्यांच्याकडून तीनदा सही करून घेतली. जुळत नाही म्हणे. जुळत होती, त्याला फक्त रांगेला तमाशा दाखवायचा होता, आणि रांग माना उंचावून हाताकडे बघत होती. तीनही सह्या एकसारख्या आल्या. मोठं अक्षर, लांब रेघ, मागे वळलेला फाटा. "आता बरी जमतेय," कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले. ते वळले तेव्हा ती समोरच होती, हातात तिकिटं. तिला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्यांनी तिला ओळखलं.

"धाकटा आला ना?" त्यांनी विचारलं.

"आला."

"मग झालं तर," ते म्हणाले, टोपी घातली आणि गेले. म्हणजे त्यांना माहीत होतं. आपली सही कोणती हे माणसाला छायाचित्र बघताक्षणी कळतं. त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं आणि ती तुरुंगात गेली असती. ते वाक्य ते बोलले नाहीत, आणि तिने त्यांचं 'मग झालं तर' घरी नेऊन त्यावर चाळीस वर्षं काढली. त्यांनी माफ केलं, असं ती स्वतःला सांगत आली. पण तिने माफी मागितली कुठे होती? आज, पोरी हात कापवत असताना, तिला ते पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. सेनापतींनी त्यांच्या बाजूचं केव्हाच पुरं केलं होतं. काम तिच्याकडे पडून होतं.

तिने पदर सावरला, पिशवी खांद्याला लावली आणि दालनाच्या कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीचं दार ढकललं. आत दालनाची अधिकारी बसली होती, तिशीतली, चष्म्याची, समोर संगणक आणि थंड झालेला चहा. म्हातारीने 'बसा' म्हणण्याची वाट पाहिली नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, आडवळण न घेता. नकलाखान्यातली भाषा तिला अजून येत होती. अधिकारी आधी शिष्टाचाराने ऐकत होती, मग नुसती ऐकत होती.

"त्या कागदाला शेवटच्या ओळीपुढे भोक आहे," म्हातारी म्हणाली. "सुईचं. उजेडावर धरा, दिसेल."

"आजी, जुना कागद आहे. कीड लागली असेल."

"कीड काही ओळ संपायची वाट पाहत नाही."

अधिकारी बाईने संगणकावर कागदाचं चित्र उघडलं, शेवटची ओळ मोठी केली, आणखी मोठी केली. अक्षर संपलं, आणि त्यापुढे टाचणीच्या टोकाएवढा गोल पांढरा ठिपका होता. "हे आमच्या यादीत आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "'छिद्र, कारण अज्ञात'. तळघरात दोन नकला आहेत, त्यांनाही आहे. आणि त्यांच्यावरच्या सह्या सरळ आहेत. आम्ही म्हणायचो, उतरवणाऱ्याने सुधारून घेतल्या."

"आम्ही काही सुधारत नव्हतो."

अधिकारी बाईने चष्मा काढून डोळे चोळले. "तुम्ही लिहून दिलंत तर ते परत घेता येणार नाही. आणि उद्या मोठे लोक यायचेत, सगळं दालन त्या एका सहीवर उभं आहे. अस्सलच नाही म्हटल्यावर आम्ही दाखवायचं काय?"

"नक्कल दाखवा," म्हातारी म्हणाली. "नक्कल म्हणून दाखवा."

दाराशी काठी वाजली. तो गृहस्थ बहुधा निसटला होता आणि धाकटा ताईला शोधत आला होता. किती वेळ उभा होता कोण जाणे, पण चेहऱ्यावरून कळत होतं की पुरेसा वेळ. तिला तुरुंगाचं भय केव्हाच उरलं नव्हतं. भय होतं ते या माणसाचं, की उद्यापासून हा तिच्यासमोर बसून जेवणार नाही.

"आमच्या नकलेवर सरळ होती," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे ती नक्कल नव्हती."

"नव्हती."

तो खुर्चीत बसला, काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून. "मी त्या माणसाला जेवता जेवता शिव्या घालायचो. तू समोर बसायचीस."

"हो."

"मीठ द्यायचीस."

"हो," ती म्हणाली. आणखी काही सांगता आलं असतं, मफलरचं, पावणेचारचं, पण ती कारणं झाली असती, आणि कारणं तिने पुष्कळ वापरली होती.

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो अधिकारी बाईला म्हणाला, "मेजरच्या हातातली सही मी हातभर अंतरावरून पाहिलीय. साक्षीला माझं नाव घाला." मग खाली बघतच, तिला म्हणाला, "घरी गेल्यावर बोलू आपण." त्यात राग होता. पण घरी जायचं होतं, दोघांनी, हेही होतं, आणि तिने तेवढं धरून ठेवलं.

अधिकारी बाईने कोरा कागद दिला आणि एक साधं पेन. म्हातारी खुर्चीवर ताठ बसली, डावीकडे दोन बोटं समास सोडला आणि लिहायला लागली. अमुक दिवशी, अमुक खोलीत, सातवी नक्कल माझ्या हातून बिघडली. मूळ कागद मी जाणूनबुजून पुलापलीकडच्या ठाण्यास पाठवला व बिघडलेली नक्कल दप्तरात ठेवली. सेनापतींनी सही केली ती मी चार पावलांवरून पाहिली, त्यांचा हात हलला नाही. एक शब्द खोडला नाही. रुजूकाकांचं नाव लिहावं का, याचा तिने जरा विचार केला, आणि लिहिलं, कारण गाळायचं नाही हा नियम होता. अक्षरं सुबक आली, प्रत्येक अक्षर थांबून थांबून काढता येतं. मग ती तळाशी आली. नकलनवीस कधी सही करत नाही. तिने दुसऱ्यांच्या हजारो सह्या उतरवल्या होत्या, त्या खोलीत स्वतःची एकदाही केली नव्हती. सही थांबून करता येत नाही. तिने पेन टेकवलं आणि एका दमात निघाली. पहिल्या अक्षरानंतर शहात्तर वर्षांच्या मनगटाने दगा दिला, रेघ थरथरली, सावरायला गेली तर आणखी थरथरली, आणि शेवटापर्यंत नागमोडी गेली. काचेपलीकडे पोरी अजून टेबलाभोवती हसत होत्या.

अधिकारी बाईने ते पाहिलं. पाहून तिला वाईट वाटलं असावं, कारण ती फार हळुवारपणे म्हणाली, "आजी, दुसरा कागद देऊ का? घाई नाही काही."

म्हातारीने कागद उचलून उजेडाकडे धरला, सही नीट बघितली, आणि टेबलावर तिच्यापुढे सरकवला.

"नको," ती म्हणाली. "एकदा बदलला, तेवढं पुरे झालं."